घडवणारी माणसं (भाग ७) : पाहणारा डोळा

मागच्या भागात जॉन व्हिटमोर यांच्या प्रश्नांच्या चौकटीविषयी लिहिलं होतं. कुठे पोचायचंय, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या आणि त्यांतली कोणती नक्की धरणार, या क्रमाने कोचने विचारत जायचं आणि उत्तरं समोरच्याने स्वतः शोधायची. मोटारशर्यतींच्या मैदानातून या क्षेत्रात आलेल्या व्हिटमोर यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं आणि ‘ग्रो’ या नावाने ही पद्धत जगभरच्या कचेऱ्यांत पोचली. तो भाग वाचून अनेकांनी जवळपास एकच अडचण कळवली : प्रश्न विचारले, उत्तरं मनापासून मिळाली, वहीत उतरवूनही घेतली, पण दोन महिन्यांनी पाहिलं तर काम होतं तिथेच.

या तक्रारीत तथ्य आहे. ‘आज कुठे आहोत’ या प्रश्नाचं उत्तर माणूस त्याला जे दिसतं त्याच्या आधारे देतो. ‘बैठकीत मी सगळ्यांना बोलू देतो,’ असं एखादा विभागप्रमुख सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच तसं दिसत असतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये माणसाच्या स्वतःविषयीच्या जाणिवेची चार खणांची एक खिडकी मांडली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला ‘जोहारी’ खिडकी म्हणू लागले. आपल्याकडे ते नाव ऐकून रत्नपारखी जोहरी आठवतो, पण त्याचा इथे संबंध नाही. या खिडकीतला एक खण असा, की त्यात जे आहे ते चारचौघांना लख्ख दिसतं आणि आपल्याला मात्र दिसत नाही. या खणात प्रश्नांना शिरकाव नाही. तिथे दुसऱ्या कुणालातरी, आपलं काम चालू असताना, शेजारी येऊन उभं राहावं लागतं. आजचा भाग त्या उभं राहण्याविषयी आहे. माझ्या मते कोचिंगच्या साऱ्या साधनांमध्ये हे सगळ्यांत बिनखर्ची आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारं साधन आहे.

अतुल गावंडे हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या, उमरखेडकडच्या उटी गावचे. ते अमेरिकेत जाऊन सर्जन झाले आणि मुलगाही पुढे बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात सर्जन झाला. २०११ च्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात अतुल यांनी स्वतःवर एक लेख लिहिला. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागल्याला आठ वर्षं झाली होती आणि दोन हजारांवर शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या रुग्णांमधल्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी कमी होत गेलं आणि मग एका जागी ठरलं. काम चांगलंच चाललं होतं, फक्त पुढे जात नव्हतं. अशात एकदा टेनिस खेळताना एका तरुण कोचने थोडा वेळ पाहून पायांच्या ठेवणीबद्दल काही सुचवलं आणि त्यांच्या सर्व्हिसचा वेग वाढला. खेळाडूला कोच असतो, मोठ्या गायकालाही असतो, मग सर्जनला का नसावा, हा प्रश्न त्यांना तिथून पडला.

त्यांनी आपल्या जुन्या शिक्षकांना, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना, शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. शस्त्रक्रिया थायरॉइडची होती आणि गावंडे यांनी ती कितीतरी वेळा केलेली होती. ऑस्टीन मध्ये एक शब्द बोलले नाहीत. काम संपल्यावर दोघे बसले. शस्त्रक्रिया नीट झाली होती, पण ऑस्टीन यांची वही बारीक अक्षरांनी भरलेली होती.

वहीतल्या तीन नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली दिव्याची. वरचा दिवा सरकून जखमेवरून बाजूला गेला होता आणि जवळपास अर्धा तास गावंडे आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या उजेडात काम करत होते. त्यांना ते कळलंही नव्हतं. दुसरी कोपराची. काम करता करता त्यांचं कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जात होतं. तेवढं उचललेलं कोपर नेमकेपणा घालवतं. ते उचलावंसं वाटलं, की पाय हलवायचे किंवा हत्यार बदलायचं, असं ऑस्टीन यांनी सांगितलं.

तिसरी नोंद निर्जंतुक कापडाची. रुग्णाच्या अंगावर कापड अंथरलं होतं ते गावंडे उभे होते त्या बाजूने अगदी हवं तसं होतं. टेबलापलीकडच्या सहायकाला मात्र त्याने अडचण होत होती, त्याचा डावा हात मोकळा हलत नव्हता. शिकाऊ विद्यार्थीही चुकीच्या बाजूला उभा केला होता. तो दुसऱ्या बाजूला असता, तर त्याने हाताखाली मदत केली असती आणि सहायकाचा एक हात सुटला असता.

या नोंदीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण ती शस्त्रक्रियेपुरती नाही. टीमचा प्रमुख सगळी मांडणी आपल्या सोयीने करतो. बैठकीची वेळ, अहवालाचा तक्ता, व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना टाकण्याची घडी, सारं त्याच्या बाजूने उभं राहून पाहिलं तर सरळ दिसतं. पलीकडच्याचा हात अडकलेला आहे हे त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की पलीकडचा माणूस संथ आहे. मग तो त्या माणसाला ट्रेनिंगला पाठवतो. वर्षानुवर्षं मी हे पाहत आले आहे, आणि संथ ठरवल्या गेलेल्या किती लोकांचा हात खरं तर कापडाखाली अडकलेला असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. गावंडे यांनी पुढे लिहिलं आहे, की त्या वीस मिनिटांच्या बोलण्यातून जेवढं हाती लागलं तेवढं आधीच्या पाच वर्षांत लागलं नव्हतं. ऑस्टीन येत राहिले आणि गुंतागुंतीचं प्रमाण पुन्हा कमी होऊ लागलं.

आपल्याला हे अपरिचित नाही. कोल्हापूरच्या तालमीत हौद्याच्या कडेला बसलेला वस्ताद दुसरं काय करतो? जोड सुटेपर्यंत तो पाहतो आणि मग दोन शब्द सांगतो. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांसमोर लहानग्या सचिन तेंडुलकरची पहिली चाचणी झाली तेव्हा तो अवघडला होता. थोरल्या भावाने, अजितने विनंती केल्यावर सर तिथून गेल्यासारखं दाखवून लांब झाडाआड उभे राहिले आणि तिथून त्यांनी खेळ पाहिला. कोणीतरी पाहतंय म्हटलं की माणूस वेगळा वागतो, ही अडचण त्यांनी ओळखली होती. कचेरीत झाडामागे लपता येत नाही आणि लपूही नये, कारण चोरून पाहणाऱ्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही. तिथे उपाय एकच, सलग काही दिवस जात राहणं. पहिल्या दोन दिवसांची टिपणं मी सहसा बाजूला ठेवते. तिसऱ्या दिवसापासून लोक मला विसरतात.

आणि एक फरक आहे. तालमीत, मैदानावर किंवा गाणं शिकताना वस्ताद आयुष्यभर असू शकतो. नोकरीत मात्र माणूस जसा वर चढतो तसे त्याच्याकडे पाहणारे डोळे कमी होत जातात. शिकाऊ कामगाराकडे चार जण बघत असतात. कारखान्याच्या व्यवस्थापकाचे फक्त आकडे बघितले जातात.

चाकणच्या एका कारखान्यात मी काही महिने एका शिफ्ट इनचार्जबरोबर काम केलं. आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागलेला आणि कष्टाने वर आलेला माणूस. ‘‘मॅडम, माझी पोरं तोंडच उघडत नाहीत,’’ ही त्याची तक्रार. ‘‘रिजेक्शन का वाढलं विचारलं की सगळे खाली बघतात.’’ मी सकाळच्या मीटिंगला लाइनच्या कडेला उभी राहू लागले. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे तो काय बोलला किंवा त्याने काय केलं, उजवीकडे त्यानंतर लगेच काय घडलं. विशेषणं लिहायची नाहीत, हा नियम. ‘रागाने विचारलं’ असं लिहिलं की ते माझं मत झालं, आणि मतावर वाद होतो. म्हणून फक्त शब्द : ‘काल सेकंडला पीस कुणी चेक केले? तूच ना रे? आणि गेज लावलं नसणार, बरोबर?’ उजवीकडे : ‘कुणी बोललं नाही.’

आठवडाअखेर मी ती पानं त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोनदा वाचली. ‘‘प्रश्न पण मीच विचारतोय आणि उत्तर पण मीच देतोय,’’ तो म्हणाला. मला काही सांगावं लागलं नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच पुढे बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत पाहिली, की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने स्वतःच ठरवलं : प्रश्न विचारायचा, हातातल्या व्हर्नियरकडे बघायचं आणि मनात पाच आकडे मोजायचे. पहिले दोन दिवस शांतता अवघड गेली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत मागे उभा असलेला एक ऑपरेटर म्हणाला, ‘‘फिक्स्चरचा क्लॅम्प ढिला होतोय, दोन आठवडे झाले.’’

पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत काम करणारे काही वाचक इथे म्हणतील, की हे ‘टोयोटा काटा’ या कोचिंगच्या पद्धतीत आहेच. आहे. माइक रॉदर यांच्या २००९ च्या पुस्तकातून आलेलं पाच प्रश्नांचं ते कार्ड अनेकांच्या खिशात असतं, आणि त्यातला शेवटचा प्रश्न, काय शिकलो ते कधी जाऊन पाहता येईल, हाच माझ्या लेखी त्या कार्डाचा प्राण आहे. दुर्दैवाने पहिले चार प्रश्न केबिनमध्ये बसून विचारता येतात म्हणून तेवढेच विचारले जातात.

आता या साधनाची जी बाजू सगळ्यांत जपायची, ती. पाहणं आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांना फक्त दुसरी माहीत आहे. साहेब तपासणीला येणार म्हटलं की फळा पुसला जातो, रजिस्टरं पूर्ण होतात, ठरलेला पाठ ठरलेल्या मुलांना विचारला जातो. तपासणीची नोंद वर जाते. पाहणाऱ्याची नोंद ज्याला पाहिलं त्याच्याच हातात राहायला हवी. ती एकदा जरी वर गेली, तरी पुढच्या वेळी तुम्हाला सजवलेलं कामच दिसेल. म्हणून ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याने हे काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. गूगलने आपल्याच व्यवस्थापकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाच्या गुणांत ‘चांगला कोच असणं’ वरच्या जागी आलं, हे खरं आहे. प्रश्न विचारणारा कोच साहेब जरूर होऊ शकतो. वही घेऊन कडेला उभा राहणारा कोच त्याने होऊ नये. ऑस्टीन निवृत्त होते, गावंडे यांचं काहीही त्यांच्या सहीवर अडलेलं नव्हतं, ही त्या गोष्टीतली महत्त्वाची बाब आहे.

या पद्धतीचा परिणाम किती होतो? गावंडे यांनी त्याच लेखात कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला आहे. नुसत्या कार्यशाळेत शिकवलेलं कौशल्य शिक्षकांनी वर्गात वापरलं ते १० टक्के वेळा. कार्यशाळेत सराव आणि प्रात्यक्षिक घातलं तरी २० टक्क्यांच्या आतच. वर्गात येऊन पाहणारा सहकारी मिळाला तेव्हा ते ९० टक्क्यांच्या वर गेलं. आकडे इतके ठळक आहेत, की कोच नेमला म्हणजे झालं असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि याचा सगळ्यांत मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे.

गावंडे यांच्या गटाने उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात एक प्रयोग केला. २४ जिल्ह्यांतली १२० सरकारी प्रसूतिकेंद्रं घेतली. निम्म्या केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची २८ मुद्द्यांची यादी दिली आणि ती वापरायला शिकवणारे कोच आठ महिने पाठवले. बहुतेक कोच स्वतः नर्स होत्या. सुरुवातीला भेटी दाट होत्या, मग विरळ होत गेल्या. प्रसूतिगृहात उभं राहून त्या पाहायच्या : हात धुतले का, रक्तदाब घेतला का, बाळ जन्मल्यावर आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं का, बाळ आईच्या अंगाशी ठेवलं का. मग शांतपणे बोलायच्या. केंद्राच्या प्रमुखाशी बोलायला वेगळे डॉक्टर कोच होते.

निकाल २०१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. कोचिंग सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा १८ आवश्यक कृतींपैकी सरासरी ७३ टक्के कृती होत होत्या. कोच नसलेल्या केंद्रांत ४२ टक्के. वागणं बदललं होतं यात शंका नाही. पण वर्षाच्या शेवटी, म्हणजे कोच जाऊन चार महिने उलटल्यावर, ७३ चे ६२ झाले होते. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते माता आणि बाळांचे मृत्यू व मातांचं गंभीर आजारपण? कोच असलेल्या केंद्रांत १५.१ टक्के, नसलेल्या केंद्रांत १५.३. दीड लाखावर प्रसूतींचा हा हिशेब आहे.

हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. पण त्या आकड्यांकडे पाठ फिरवून या विषयावर लिहिता येत नाही. नर्सने हात धुतले, रक्तदाब घेतला, तो वाढलेला आढळला. पुढे काय? औषध आहे का, सिझेरियन करणारा डॉक्टर आहे का, गाडी आहे का, गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्याचं कौशल्य तिच्या हातात आहे का? कोच तिला तिचं वागणं दाखवू शकतो. साठा आणि डॉक्टर आणू शकत नाही.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहावी असं मला नेहमी वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन त्यांचं काम आणि नोंदी पाहत, चुका दुरुस्त करत. इथवर ही गोष्ट उत्तर प्रदेशासारखीच आहे. पण या बायकांच्या पिशवीत वजनकाटा होता, तापमापक होता, श्वास देण्याचं साधन होतं आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचा अधिकार त्यांना दिलेला होता. १९९३ ते ९५ मध्ये तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो २५.५ झाला. काळ वेगळा, एकीकडे घर आणि दुसरीकडे दवाखाना, त्यामुळे दोन्ही प्रयोगांची सरळ तुलना करता येत नाही हे मला मान्य आहे. तरी कोच नेमण्याआधी मी आता प्रत्येक व्यवस्थापनाला एकच गोष्ट विचारते : या माणसाला त्याची चूक दिसली, तर ती दुरुस्त करायला लागणारं सामान आणि अधिकार त्याच्याकडे आहेत का? नसतील तर आधी ते द्या. त्याशिवाय त्याच्या शेजारी वही घेऊन उभं राहणं म्हणजे त्याची असहायता त्याला रोज वाचून दाखवणं आहे.

आणि ७३ चे ६२ का झाले, याचाही विचार हवा. बाहेरचा कोच जाणारच असतो. तो असतानाच टीममधल्या दोघा-तिघांना एकमेकांचं काम पाहायला आणि टिपायला शिकवलं नाही, तर त्याच्याबरोबर डोळाही जातो. आपल्याकडे आशाताईंच्या कामासाठी गटप्रवर्तक आहेत. पद अगदी योग्य जागी निर्माण केलेलं आहे. पण त्यांचा दिवस अहवाल गोळा करण्यात जातो अशी तक्रार मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. त्यांना कागदांतून थोडं मोकळं करून आशाताईंबरोबर घरोघर जायला वेळ दिला, तर नवं पद न काढताही खूप काही होईल.

वाचकांनी या आठवड्यात एक करून पाहावं. तुमच्यावर ज्याचं काही अवलंबून नाही आणि ज्याच्यावर तुमचं काही अवलंबून नाही अशा एका सहकाऱ्याला तुमच्या एका बैठकीत मागच्या खुर्चीवर बसवा. पानावर मधोमध रेघ मारून द्या. डावीकडे तुम्ही काय बोललात, उजवीकडे लगेच पुढे काय घडलं. विशेषण एकही नको. मागून त्याला खुलासे देऊ नका, फक्त पान घ्या आणि एक रात्र जाऊ द्या. पान कुणाला दाखवू नका, फाडूही नका. पुढच्या भागात ते लागणार आहे.